सीएएच असलेल्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवताना: नागपूर-विदर्भातल्या पालकांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी

बारसं बाराव्या दिवशी असतं आणि सीएएचमधलं (कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेजिया, ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार) शरीरातलं मीठ घटण्याचं संकट साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. म्हणजे घरात पाहुणे आहेत, बाळंतीण माहेरी आहे, बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतंय, वजन वाढायच्या ऐवजी घटतंय, आणि प्रत्येकाकडे एकेक कारण तयार आहे. कुणी म्हणतं दूध बाधलं, कुणी म्हणतं दृष्ट लागली. दवाखान्यात नेलं तर 'जंतुसंसर्ग' म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. त्यात दोन दिवस गेले की बाळ हातचं जाऊ शकतं. म्हणून या आजारात तज्ज्ञाकडे पाठवणं म्हणजे पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट घेणं नव्हे. काही वेळा ते त्याच रात्री करायचं काम असतं, आणि उपचार सुरू करूनच पाठवायचं असतं.

आजार थोडक्यात असा. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर ॲड्रिनल ग्रंथी असतात. कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं तयार करायला लागणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. शंभरातल्या सुमारे ९५ रुग्णांत ते २१-हायड्रॉक्सिलेज असतं. कॉर्टिसोल कमी पडलं की मेंदूतून एसीटीएच या ॲड्रिनलला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा रेटा वाढतो, ग्रंथी मोठ्या होतात आणि अडलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. अल्डोस्टेरॉन नसल्यामुळे लघवीवाटे सोडियम निघून जातं, पोटॅशियम साचतं. क्लासिक, म्हणजे तीव्र प्रकारातल्या साधारण तीन चतुर्थांश बाळांत ही मीठ-घट असते. आयसीएमआरच्या बहुकेंद्री पाहणीत एक लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली गेली, तेव्हा सुमारे ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार आढळला. इतका काही दुर्मिळ नाही. पण प्रत्येक नवजात बाळाची ही चाचणी आपल्याकडे आपोआप होत नाही, त्यामुळे शंका घेणारा माणूस लागतो.

शंका कुणाबद्दल घ्यायची

मुलींमध्ये खूण जन्मताच दिसते: क्लिटोरिस मोठं, योनीचे ओठ जुळलेले, कधी कधी इतके की बाळ मुलगाच वाटावा. सुईणीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुलगा वाटणाऱ्या नवजात बाळाच्या पिशवीत दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर 'वृषणं उतरली नाहीत, वर्षभराने बघू' असं लिहून घरी पाठवू नये. ती सीएएच असलेली मुलगी असू शकते. गर्भाशय आहे का ते सोनोग्राफीत बघा आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) पाठवा.

मुलग्यांचं दुर्दैव असं की त्यांच्यात बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. फार तर स्तनाग्रं आणि वृषणाची पिशवी जरा काळसर दिसते, आणि आपल्या वर्णात तेवढं कोण बघतं? म्हणून तीन आठवड्यांच्या आतलं बाळ उलट्या, सुस्ती, वजनघट घेऊन आलं की सोडियम, पोटॅशियम आणि साखर तपासल्याशिवाय त्याला परत पाठवू नका. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त ही जोडी दिसली की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत सीएएच समजून चालायचं. आधीचं एखादं मूल 'असंच उलट्या होऊन गेलं' असं घरच्यांनी सांगितलं तर शंका दुप्पट.

पुढच्या वयात चित्र बदलतं. दोन-तीन-चार वर्षांच्या मुलाला जांघेत केस, वर्गात सगळ्यात उंच, लिंग मोठं पण वृषणं लहानच. किंवा सहा-सात वर्षांच्या मुलीला मुरमं आणि केस. आईवडील उंचीवर खूश असतात. हाडांचं वय मात्र पुढे पळत असतं आणि शेवटी मूल बुटकं राहतं. अशांना रातोरात पाठवायची गरज नसते, पण 'मोठी झाली की बघू' म्हणून सोडूही नये. अंगणवाडी आणि शाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी ही मुलं वेचून काढावीत असं मला फार वाटतं.

सौम्य, म्हणजे नॉनक्लासिक प्रकार मोठ्या मुलींत पीसीओएसच्या नावाखाली लपतो. अनियमित पाळी, हनुवटीवर केस, मुरमं असतील तर पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी ८ च्या सुमारास रक्तातलं १७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, म्हणजे तो अडलेला कच्चा माल) एकदा तपासावं. डेसिलिटरमागे २०० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर बहुधा प्रश्न मिटला; २०० ते १,००० च्या मध्ये असेल तर एसीटीएच इंजेक्शन देऊन पुन्हा मोजावं लागतं. ते काम एंडोक्रायनोलॉजिस्टचं, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाचं.

पाठवण्यापूर्वी: हा भाग डॉक्टरांनी नीट वाचावा

बाळ सुस्त आहे, सोडियम खाली आहे, आणि तुम्ही गडचिरोलीत किंवा गोंदियात आहात. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात; अहेरी-भामरागडकडून तर दिवसच जातो. तेव्हा रुग्णवाहिका बोलावण्याआधी पुढच्या गोष्टी करायच्या.

आधी रक्त काढा. साखर, सोडियम, पोटॅशियम तिथल्या तिथे, आणि जमलं तर १७-ओएचपी व कॉर्टिसोलसाठी वेगळी नळी भरून बाळासोबत पाठवा. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टेरॉइड) दिल्यावर हे आकडे बदलतात आणि पुढच्या तज्ज्ञाला महिनोन्‌महिने अंदाजावर चालावं लागतं. पण रक्त निघत नसेल तर त्यापायी औषध अडवू नका.

मग हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. १०० मिग्रॅची बाटली बहुतेक प्रत्येक दवाखान्यात दम्याच्या रुग्णांसाठी ठेवलेलीच असते. तीन वर्षांपर्यंत २५ मिग्रॅ, त्यापुढे बारा वर्षांच्या आत ५०, बारा आणि त्यावर १००. शिरेतून द्यावं, शीर सापडत नसेल तर मांडीच्या स्नायूत. निदान पक्कं नसताना दिलेल्या एका डोसने बाळाचं नुकसान होत नाही, न दिल्याने होतं.

सलाइन साधं नॉर्मल सलाइनच, किलोमागे १० ते २० मिली, साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली. आणि इथे आपल्या वॉर्डातली एक सवय मोडावी लागते: लहान मूल म्हटलं की हात आपसूक आयसोलाइट-पीच्या बाटलीकडे जातो. त्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम भरपूर. या बाळाला ते नेमकं उलटं पडतं.

हे सुरू झालं की १०८ ला फोन करा. नवजात बाळाला सरकारी रुग्णालयातून पुढे न्यायचं असेल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात वाहन मोफत मिळतं. त्याच वेळी जिथे पाठवताय तिथल्या बालरोग विभागातल्या ड्यूटी डॉक्टरांशी स्वतः बोला. 'मेडिकलला घेऊन जा' एवढं नातेवाइकाला सांगणं म्हणजे रेफर करणं नाही.

चिठ्ठीत काय हवं? 'एफटीटी, व्हॉमिटिंग, रेफर टू हायर सेंटर' असल्या एका ओळीने पुढच्या माणसाला काहीही कळत नाही. लिहा: जन्मतारीख आणि जन्मवेळचं वजन, आजचं वजन, जननेंद्रियांचं वर्णन (अंदाज नव्हे, जे दिसलं ते), वृषणं लागली का, रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम-साखर आणि ती कधी काढली, हायड्रोकॉर्टिसोन किती आणि किती वाजता दिलं, पुढचा डोस कधी, आईवडील नात्यातले आहेत का, आधीचं मूल दगावलं का. आणि वर ठळक अक्षरांत: 'सीएएचची शंका, स्टेरॉइड थांबवू नये'. रुग्णवाहिकेत सहा तास उलटणार असतील तर पुढचा डोस वाटेतच द्यावा लागेल, तोही लिहून द्या.

नागपुरात कुठे

तातडीचं बाळ असेल तर तज्ज्ञ शोधत बसू नका. ज्या ठिकाणी नवजात अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास लॅब आहे ते ठिकाण योग्य. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं किंवा एखादं मोठं खासगी बालरुग्णालय, यापैकी जवळचं. बाळ डागा स्त्री रुग्णालयात जन्मलं असेल तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांनाच आधी दाखवा, पुढची व्यवस्था तेच करतील. वर्ध्याच्या बाजूचे असाल तर सेवाग्राम आणि सावंगी वाटेतच लागतात. नागपूरच गाठायचं असा हट्ट धरू नका.

तब्येत सावरली की एंडोक्रायनोलॉजी. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयाची आणि मिहानमधल्या एम्सची ओपीडी कोणत्या वारी असते हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. बालाघाट-छिंदवाड्याकडून आलेलं कुटुंब चुकीच्या वारी येऊन हात हलवत परत जाताना मी पाहिलेलं आहे. खासगीत रामदासपेठ आणि धंतोलीत एंडोक्रायनोलॉजिस्ट मिळतात, पण त्यातले बरेचसे दिवसभर मधुमेह आणि थायरॉइड बघतात. म्हणून अपॉइंटमेंट घेताना स्पष्ट विचारायचं: 'डॉक्टर लहान मुलांतला सीएएच बघतात का?' यात संकोच नको. लहान मुलांच्या एंडोक्रायनोलॉजीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर कमी आहेत. मिळत नसतील तर मोठ्यांचे एंडोक्रायनोलॉजिस्ट आणि गावाजवळचा बालरोगतज्ज्ञ अशी जोडगोळीही छान चालते, फक्त दोघांकडे एकच फाइल हवी.

मुंबईला केईएम किंवा वाडियाला जायची गरज प्रत्येकाला नसते. निदान घोटाळ्यात असेल, रक्तदाब वाढलेला असेल (तो ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे दुसरं एन्झाइम कमी असल्याचा प्रकार असू शकतो), शस्त्रक्रियेचा विचार चालला असेल, किंवा औषधं नीट देऊनही आकडे जागेवर येत नसतील, तर एकदा जाऊन मत घ्यावं आणि रोजचा पाठपुरावा नागपुरात ठेवावा.

पैशाचं एक वाक्यात सांगतो: भरती झाल्यास महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, पण रोजच्या गोळ्यांचा खर्च घरचाच धरून चाला.

पहिल्या ओपीडीला जाताना

जन्मापासूनची सगळी वजनं-उंच्या एका कागदावर तारखेनिशी, डिस्चार्ज कार्ड, मूळ रिपोर्ट आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत घ्या. पट्ट्या यासाठी की 'पांढरी छोटी गोळी' हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या दोन्ही औषधांची असते. १७-ओएचपीसाठी रक्त द्यायचं असेल तर ते सकाळच्या डोसआधी द्यायचं की नंतर, हे आदल्या दिवशी विचारून घ्या आणि दर वेळी त्याच वेळी द्या. एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी चारला काढलेल्या रक्ताची तुलना करून डोस बदलण्यात अर्थ नसतो.

विचारायचे प्रश्न: माझ्या मुलाचा प्रकार कोणता, मीठ घटणारा की नाही? डोस कोणत्या वेळी, चुकला तर काय? ताप आला तर किती? पहिल्या तीन महिन्यांत साधारण दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी यायला सांगतात. मूल दोन वर्षांचं झालं की हाडांचं वय बघायला हाताचा एक्स-रे वर्षातून एकदा निघतो. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजलाच पाहिजे, बाळाचाही. लहान पट्टा नाही म्हणून तो राहून जातो, मागून घ्या.

वाढत्या वयात औषध म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या (दिवसाला दर चौरस मीटरला १० ते १५ मिग्रॅ, तीन भागांत), मीठ-घट असेल तर अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि पहिल्या वर्षी चिमटी-चिमटीने मोजलेलं मीठ, दिवसाला एक ते दोन ग्रॅम. गोळी मिळत नाही म्हणून दुकानदाराने प्रेडनिसोलोनचं सिरप पुढे केलं तर परस्पर बदलू नका; ते आणि डेक्सामेथासोन वाढ खुंटवण्यात जास्त जोरकस असतात. तालुक्याच्या ठिकाणी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सहसा नसतात. गंजीपेठेतल्या दवा बाजारातून किंवा आपल्या नेहमीच्या दुकानदाराकडून मागवून किमान महिनाभराचा जादा साठा घरात ठेवा, आणि पाकिटावर थंड जागी ठेवा असं लिहिलं असेल तर मेच्या दिवसांत ते फ्रिजमध्येच जायला हवं.

बाळाला गोळी देताना ती कुटून, चमचाभर पाण्यात किंवा दुधात कालवून, लगेच आणि सगळी. सकाळी दिवसभराचं मिश्रण करून ठेवलं तर औषध तळाशी बसतं आणि कधी दुप्पट, कधी निम्मं जातं. दुधाच्या पूर्ण बाटलीतही टाकू नका. बाटली अर्धी राहिली तर डोसही अर्धाच गेला.

नागपूरचा उन्हाळा हा या मुलांसाठी वेगळा विषय आहे. पारा ४५ कडे गेला की घामावाटे मीठ जातं, म्हणून मार्चच्या भेटीतच 'उन्हाळ्यात मीठ किती वाढवू' हे लिहून घ्या. आणि घरी आजोबांच्या बीपीसाठी आणलेलं कमी सोडियमचं मीठ या मुलाच्या ताटात अजिबात नको. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं.

आजारपणाचा कागद

तज्ज्ञाकडून मिळवायची सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे आजारपणाचा लेखी कागद. तो न घेता ओपीडीतून उठू नका. त्यात साधारण असं असतं: ताप १०१ फॅरेनहाइटच्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट किंवा तिप्पट, ताप उतरेपर्यंत. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच. डोस दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्या. पुन्हा उलटली तर आता गोळीचा नाद सोडा, इंजेक्शन आणि दवाखाना. जुलाब, हाड मोडणं, भूल देऊन कुठलीही शस्त्रक्रिया, यालाही जादा डोस लागतो. परीक्षेचं टेन्शन, साधी सर्दी, शाळेचं स्पोर्ट्स डे, याला नाही. लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या. लसीनंतर ताप आला तर तापाचाच नियम.

इंजेक्शनची बाटली, सिरिंज आणि पाणी घरात ठेवा आणि मांडीत कसं द्यायचं हे नर्सकडून समोर करून घेऊन शिका. आजीआजोबांनाही. कागदाची एक झेरॉक्स गल्लीतल्या डॉक्टरांना द्या, एक शाळेला, आणि मुलाच्या दप्तरात एक कार्ड: 'मला ॲड्रिनलचा आजार आहे. बेशुद्ध झालो किंवा उलट्या थांबत नसतील तर हायड्रोकॉर्टिसोन ताबडतोब द्या.' अनोळखी कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर 'आधी रिपोर्ट येऊ द्या' म्हणाले तर तज्ज्ञाच्या सहीशिक्क्याचा हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.

नाव, दाखला आणि शस्त्रक्रिया

मुलगा की मुलगी हे पक्कं नसेल तर कॅरिओटाइप येईपर्यंत बारसं पुढे ढकला. 'बाळाला बरं नाही, नंतर करू' एवढं उत्तर पाहुण्यांना पुरतं. जन्मनोंदीची साधी मुदत २१ दिवसांची आहे, आणि नाव न लिहिताही नोंद होते; नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. लिंगाचा रकाना घाईने भरून पुढे दुरुस्तीसाठी महापालिकेत खेटे घालण्यापेक्षा आधी डॉक्टरांशी बोलणं बरं.

शस्त्रक्रियेबाबत माझं मत सरळ आहे: ती सहसा तातडीची नसते. लघवीचा मार्ग अडलेला नसेल तर बालशल्यचिकित्सक, एंडोक्रायनोलॉजिस्ट आणि समुपदेशक अशा तिघांशी बोलल्याशिवाय तारीख घेऊ नका, आणि थांबलं तर काय बिघडेल हा प्रश्न तिघांनाही विचारा.

पुढचं बाळंतपण

आईवडील दोघेही वाहक असतात (स्वतः आजारी नसतात, पण सदोष जनुक बाळगतात), म्हणून प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. दोष आईचा नाही, बापाचाही नाही. घरात हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं जास्त उपयोगी पडतं. पुढचं मूल हवं असेल तर गरोदर राहण्यापूर्वीच आजारी मुलाची सीवायपी२१ए२ (२१-हायड्रॉक्सिलेज बनवणारं) जनुकाची तपासणी करून ठेवा, मग आनुवंशिकी तज्ज्ञाकडे जा. गर्भाच्या वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना साधारण ११ व्या आठवड्यानंतर घेतात, तेव्हा आयत्या वेळी धावपळ केली तर हाती काही येत नाही. गर्भातल्या मुलीसाठी आईला डेक्सामेथासोन देण्याचा सल्ला कुणी दिला तर तो संशोधनाच्या मान्यताप्राप्त चौकटीबाहेर घेऊ नका. आणि नवं बाळ जन्मलं की ते ठणठणीत दिसलं तरी पहिल्याच आठवड्यात तपासा, मुलगा असेल तर नक्कीच.

अठरा वर्षांनंतर

इथे बहुतेक फायली हरवतात. बालरोगतज्ज्ञ म्हणतात आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा, मूल पुण्याला इंजिनिअरिंगला जातं आणि हॉस्टेलवर गोळ्या सुटतात. म्हणून सोळाव्या वर्षापासूनच मुलाने ओपीडीत स्वतः बोलावं, आई खुर्चीवर मागे बसली तरी चालेल. निघताना जुन्या डॉक्टरांकडून एक पानी सारांश घ्या: निदान, जनुकाचा रिपोर्ट, आजवरचे डोस, शेवटची उंची, झालेल्या शस्त्रक्रिया. मुलग्यांनी वृषणाची सोनोग्राफी अधूनमधून करावी. तिथे ॲड्रिनलसारख्या पेशींच्या गाठी होतात आणि त्याने मूल होण्यात अडचण येऊ शकते. हाताला लागण्याआधी त्या सोनोग्राफीत दिसतात.

मुलींच्या बाबतीत धोका लग्नाच्या वेळी असतो. 'सासरी गोळ्या दिसायला नकोत' म्हणून औषध बंद करायचा सल्ला घरातलीच वडीलधारी देतात. हायड्रोकॉर्टिसोन अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, हे नवऱ्या मुलाला आणि त्याच्या घरी साखरपुड्याआधी सांगितलेलं बरं, आणि शक्य असेल तर एंडोक्रायनोलॉजिस्टसमोर बसवून. नवऱ्याचीही वाहक चाचणी होते. दिवस गेले की गोळ्या चालूच ठेवायच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एंडोक्रायनोलॉजिस्ट यांच्यात चिठ्ठीची देवाणघेवाण सुरू करायची, आणि प्रसूतीच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्यायचं: 'कळा सुरू झाल्यावर किंवा सिझेरियनच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून'.